मामलेदारांचा रुमाल

कस्तुराचं लग्न झालं ते साल म्हणजे सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढचं. एका उन्हाळ्यात गल्लीतून गोरे शिपाई फिरत होते आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच गल्लीत तिच्या बापाच्या, ज्ञानबाच्या, दारापुढं मांडव पडला. माणसं अजून दबकून बोलत होती, पण वाजंत्री वाजलीच.

हळदीच्या दिवशी कस्तुराच्या आईनं, गोजाबाईनं, हळदीची वाटी उचलली आणि नवरीला सोडून ती देव्हाऱ्याकडं वळली. देव्हाऱ्यात बिरोबाचा टाक होता, खंडोबाचा टाक होता आणि त्यांच्या शेजारी उशीएवढं एक गाठोडं होतं. तेलानं काळं पडलेलं, वरून भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. गोजाबाईनं हळदीचं पहिलं बोट त्या गाठोड्याला लावलं.

"आये, सायबाची हळद झाली का?" पाटावर बसून कंटाळलेली कस्तुरा म्हणाली. "का त्येंचंच लगीन हाय आज?"

"गप बस. तुझ्या बापाची बी हळद ह्येंच्या मागनंच झाली."

बायका हसल्या. ज्ञानबाला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्या गाठोड्याला घरात 'सायेब' म्हणत आणि ते आपल्या घरात आहे याचा त्याला मोठा अभिमान होता.

ज्ञानबाचा बाप येडू हा नातेपुत्याकडचा धनगर. १८७६ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधी तो मामलेदार हरिपंत वैरागकरांच्या पदरी जासूद होता. मामलेदार घोड्यावरून गावं पालथी घालायचे आणि येडू त्यांची पत्रं घेऊन पायी पळायचा, कधी कचेरीकडं, कधी त्यांच्या घराकडं. हरिपंतांना एक सवय होती. सरकारी असो की घरचं, आपण लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ते ठेवून घ्यायचे. त्या नकला एका जाड चौकोनी फडक्यात बांधलेल्या असत. कचेरीत अशा फडक्याला रुमाल म्हणतात. दुष्काळात फिरतीवर असतानाच हरिपंतांना पटकी झाली आणि तंबूतच त्यांचा प्राण गेला. कचेरीची माणसं आली, शिक्का आणि सरकारी दप्तर घेऊन गेली. रुमाल राहिला. शेवटी शुद्ध होती तेव्हा मामलेदार येडूला म्हणाले होते, "एवढं घरी पोचव. जपून ने."

येडू घेऊन गेला. पण घराला कुलूप होतं. माणसं दुष्काळाच्या भयानं गाव सोडून गेली होती, कुठं ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. येडू रुमाल घेऊन माघारी आला. मालक येतील तेव्हा देऊ म्हणून त्यानं तो आढ्याला टांगला. उंदीर लागू नयेत म्हणून वरून करंजाचं तेल चोळलं. पुढं मेंढरं मेली, घरदार मोडलं, पोटामागं सगळी सोलापूरच्या गिरणीत आली, पण रुमाल संगं आला. एवढ्या मोठ्या माणसाची ठेव जमिनीवर कशी ठेवायची, म्हणून तो देव्हाऱ्यात गेला. देव्हाऱ्यात गेला म्हणजे दसऱ्याला त्याला तेल आलं, भंडारा आला, नैवेद्य आला. येडू मेला तरी ते चुकलं नाही.

लग्नाच्या जेवणाला सिद्धारामप्पा आले होते. कचेरीत कारकुनी करून पेन्शनीत निघालेले हे लिंगायत गृहस्थ गिरणीच्या चाळीत संध्याकाळचा वर्ग चालवायचे आणि त्यांच्याच वर्गात ज्ञानबा पन्नाशी उलटल्यावर लिहायला वाचायला शिकला होता. आता चाळीतल्या माणसांची गावाकडं जाणारी पत्रं तोच लिहायचा. कुणी बायकोला लिहायला सांगायचं, कुणी भावाला. त्यामुळं चाळीत त्याला मान आला होता.

"ज्ञानबा, हे देव्हाऱ्यात काय बांधून ठेवलंय की?" अप्पांनी विचारलं.

ज्ञानबानं सगळं सांगितलं. अप्पांचा घास हातातच राहिला.

"हरिपंत वैरागकर? अरे, त्यांची मुलगी इथंच हाय की. उत्तर कसब्यात, पुतण्याकडं राहती. आकूताई म्हणतात. डोळे गेलेत बिचारीचे."

त्या रात्री ज्ञानबाला आनंदानं झोप आली नाही. बापानं न पोचवलेली ठेव आपल्या हातून पोचणार होती.

आकूताईंना पाहिल्यावर तो जरा थबकला. विधवेचं तांबडं आलवण, डोक्यावरून पदर, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा दिसत होता. वयानं त्याच्याच बरोबरीच्या असतील. त्यानं खालूनच नमस्कार घातला आणि आपण कोण ते सांगितलं.

आकूताईंनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली. मग म्हणाल्या, "मी पाळण्यात होते ते गेले तेव्हा. आई वर्षभरानं गेली. त्यांचं घरात काही राहिलं नाही रे. एक पगडी होती, ती काकांच्या मुलांनी नाटकाला नेली ती परत आली नाही. त्यांचं बोलणं कसं होतं, ते रागावत कसे, कुणाला ठाऊक नाही. आणि तू म्हणतोस त्यांची पत्रं आहेत?"

"हायती की. घरची बी हायती, सरकारी बी. जशीच्या तशी. देवापाशी ठेवल्यात."

"जशीच्या तशी?"

"कुनी हात लावला न्हाई, ताई. उघडून सुदिक बगितलं न्हाई."

"माझ्या बापाचं एक पत्र ऐकलं ना, तर मला पुरे. पण वाचणार कोण? पुतण्याला सवड नाही, आणि असली तरी मला त्याच्याकडून ऐकायचं नाही."

"म्या वाचतो की," ज्ञानबा म्हणाला. छाती जरा पुढं आलीच त्याची. "मला येतंय आता वाचाया."

येत्या रविवारी, गिरणीला सुट्टी असते तेव्हा, यायचं ठरलं.

घरी येऊन त्यानं गाठोडं खाली घेतलं तेव्हा गोजाबाई आडवी आली.

"देवाला उघडत्यात व्हय? येडं लागलंय का तुमाला?"

"देव न्हाई त्यो. ठेव हाय दुसऱ्याची. माझ्या बापानं द्यायला आनलेली."

"मग इतकी वर्सं म्या कुनाला तेल घातलं?"

ज्ञानबानं गाठोडं छातीशी धरलं. तिनं बिरोबापुढं नारळ ठेवला, क्षमा मागितली आणि बाजूला झाली.

रुमालाची गाठ सुटेना. कापड चामड्यासारखं कडक झालं होतं. शेवटी विळ्यानं कापावं लागलं. आत कागद नव्हते. आत एक लादी होती. तेल आणि भंडारा झिरपत झिरपत आतपर्यंत गेले होते आणि कागदाला कागद चिकटून एकच काळा-पिवळा गठ्ठा झाला होता. ज्ञानबानं नखानं एक पापुद्रा सोडवला. तो हातात तुटला. दुसरा सोडवला. त्यातून पलीकडचा दिवा दिसला, शाई मात्र डागासारखी पसरलेली. अक्षर म्हणून काही राहिलंच नव्हतं.

"आगं आई गं," गोजाबाई हळूच म्हणाली.

अगदी मधले काही कागद जरा कोरडे होते. ज्ञानबानं ते दिव्यापाशी धरले. शाई दिसत होती. पण एका लांब रेघेखाली सगळं वेलबुट्टीसारखं वळत गेलेलं, अक्षर कुठं सुटतं आणि कुठं लागतं ते कळेना. त्यातलं एक अक्षरही त्याला ओळखू येईना. आपण शिकलेलं सगळं विसरलो की काय, या भीतीनं त्यानं कोनाड्यातलं अंकलिपीचं पुस्तक काढलं. ते नीट वाचता आलं. पुन्हा कागद धरला. काहीच नाही.

"माझ्याच हातानं झालं ह्ये," गोजाबाई म्हणाली. "दर दसऱ्याला वाटी वाटी तेल."

"म्या बी व्हतोच की."

दुसऱ्या दिवशी गिरणीत त्याचे पिवळे हात बघून एकानं विचारलं, "काय ज्ञानबा, आता तुजंच लगीन का काय?" तो हसला नाही. संध्याकाळी सिद्धारामप्पांच्या दारापर्यंत गेला. आत उजेड होता, अप्पांचा खोकला ऐकू येत होता. कागद सदऱ्याच्या आत होते. पण लग्नाच्या जेवणाला अप्पांपुढं, आणि त्याआधी चाळीत सगळ्यांपुढं, 'सायबाची पत्रं आमच्या घरात जशीच्या तशी हायती' असं त्यानं किती वेळा सांगितलं होतं, ते त्याला आठवलं. तो तसाच माघारी आला.

रविवारी तो सांगायलाच गेला होता. रस्ताभर त्यानं शब्द जुळवले. ताई, चूक झाली, पाया पडतो. एवढंच म्हणायचं.

पण ओसरी सारवलेली होती. त्याच्यासाठी घोंगडी टाकलेली होती. आकूताई न्हाऊन बसल्या होत्या. समोर तांब्याभांडं होतं. त्यांनी पुतण्याच्या बायकोला आत पाठवलं आणि पोरांना दंगा करू नका म्हणून बजावलं. ज्ञानबाच्या पावलांचा आवाज आला तशी त्यांची मान वर झाली. एखाद्या लहान पोरीचं तोंड असावं तसं ते तोंड दिसत होतं.

"आणलंस?"

"व्हय."

"वाच."

त्यानं सदऱ्यातून एक कागद काढला. आकूताई वाट बघत होत्या. आणि ज्ञानबानं वाचायला सुरुवात केली.

तो कागदाकडं बघत होता आणि तोंडून चाळीतली पत्रं निघत होती. गिरणीतला माणूस गावाकडच्या बायकोला लिहायला सांगतो तसलं. तू कशी आहेस. माझी काळजी करू नको. मी इकडं फिरतीवर आहे, खाण्यापिण्याची आबाळ होते. पोरीला जपत जा. तुझी फार आठवण येते. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

तो थांबला.

आकूताईंचं तोंड बदललं होतं. कसं बदललं ते त्याला सांगता आलं नसतं, पण मघाची पोर तिथं नव्हती.

"कुणाला लिहिलंय हे?"

"तुमच्या आईला की."

"आईला. नाव आहे?"

"हाय... म्हंजी, त्येवढंच जरा पुसलंय."

"ज्ञानबा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आमच्या घरात पुरुष बायकोला पत्र लिहीत नसत. आपल्या आईला लिहीत. बायकोचं नाव कागदावर घालणं म्हणजे निर्लज्जपणा. माझ्या नवऱ्यानं मला उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नाही. सासूबाईंना यायचं पत्र, आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. त्यात 'घरची मंडळी' असा शब्द आला की ती मी, असं समजायचं. आणि माझे वडील त्याच्याही मागच्या पिढीतले. ते आईला असं लिहितील? आठवण येते, म्हणून?"

ज्ञानबानं हातातला कागद खाली घेतला.

"आण इकडं."

त्यानं कागद पुढं केला. त्यांनी बोटांनी चाचपला, मग नाकाशी नेला.

"तेल?"

"व्हय, ताई. उंदरं लागू न्हाईत म्हनून... आनि मग दसऱ्याला... देवासारकं केलं आमी. समदं चिकटलंय. येकच गठ्ठा झालाय. हे मधलं थोडं हाय, पर मला वाचाया येईना. माझी चूक झाली."

"तेलाची चूक मी समजले असते रे. भक्तीनंच केलंत." त्यांनी कागद खाली ठेवला. "पण तू माझ्या बापाच्या तोंडी शब्द घातलेस. मला बाप म्हणून तेवढंच मिळणार होतं, आणि तिथं तू कुणीतरी भलताच माणूस आणून बसवलास. आणि मी दोन ओळी खऱ्या मानून ऐकल्या. ते आता कसं काढू?"

ज्ञानबा घोंगडीवरून उठला. पायात वहाणा घालायच्याही विसरल्या. कसब्यातून चाळीपर्यंत तो अनवाणी आला, आणि वाटेत जो भेटेल त्याला आपलं तोंड दिसू नये म्हणून भिंतीच्या कडेनं चालला.

घरी गोजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "खोटं कशाला वाचलंत? तिला तोंडानं सांगायचं, बाई, असं असं झालं. मारलं असतं का तिनं?"

"मारलं असतं तर बरं झालं असतं."

"आता अप्पाकडं जावा. लाज जायची ती गेलीच की. आता कशाला लपताय?"

तो गेला आणि अप्पांना झालेलं सगळं सांगितलं. अप्पांनी मधले कागद चष्म्यापाशी धरले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे ज्ञानबा, ही मोडी हाय. मी तुला शिकवलं ते बाळबोध, पुस्तकातलं. जुनी सगळी लिखापढी मोडीत व्हायची. तुला कसं येईल ते? आधी माझ्याकडं का आला नाहीस?"

"लाज वाटली."

अप्पा उठले. त्यांनी खडूची पूड केली, चुलीतली चाळलेली राख घेतली, ती कागदांवर पसरून वर पाटा ठेवला. तेल ओढून घ्यायला बरेच दिवस गेले. बहुतेक कागद हाती लागले नाहीत. जे लागले त्यात एक सरकारी होतं. माळशिरसच्या वाटेवरच्या विहिरीचा गाळ काढायला माणसं लावली आहेत, मेंढरांना पाण्यावर अडवू नये, असं. अप्पा ते वाचत होते आणि ज्ञानबाला वाटत होतं, याच वाटेनं बाप पळाला असेल. मग एक घरचं निघालं. तेही पुरतं नव्हतं. ते अप्पांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "चल. मी येतो तुझ्याबरोबर. आता तू वाचायचं नाही, मी वाचतो."

आकूताईंनी अप्पांना आत बसवलं. ज्ञानबा पायरीवरच उभा राहिला. अप्पांनी घसा साफ केला आणि सावकाश वाचलं:

"तीर्थरूप मातोश्रींचे चरणी बालक हरीचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मुलीस अद्याप देवी टोचल्या नाहीत असे कळले. तरी हयगय न करता टोचून घ्याव्या. गावोगाव रयतेस मी हेच सांगत हिंडतो. परवा एक म्हातारी भर चावडीत म्हणाली, सायबा, तुझ्या घरी टोचल्यास काय? खोटे बोलवेना, म्हणून मान खाली घालून गप्प राहिलो. मुलीचे जावळ तूर्त काढू नये, मी आल्यावर काढू. तूप पाठविले ते पोचले. घरची मंडळी..."

"पुढं?" आकूताई म्हणाल्या.

"पुढं गेलंय, ताई. तेलात गेलंय."

"देवीचं पुन्हा एकदा वाचा."

अप्पांनी वाचलं. आकूताईंचा उजवा हात डाव्या दंडावर गेला. तिथं देवी टोचल्याचे दोन जुने व्रण होते, आलवणाबाहेर स्पष्ट दिसणारे. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं. ज्ञानबा पायरीवरून पुढं वाकला. आता ताईंना पटेल, आता त्या काहीतरी बोलतील, असं त्याला वाटलं.

"अप्पा, तुम्ही भले गृहस्थ आहात," त्या म्हणाल्या. "पण हे याच्याच घरून आलंय ना?"

"ताई, माझ्या डोळ्यांनी वाचलंय मी. कागद माझ्या हातात हाय."

"मागल्या खेपेलाही हातात कागद होता." त्या म्हणाल्या. "माझा दंड उघडाच असतो. हा इथं समोर बसला होता. व्रण दिसले असतील. आणि घरात पुरुष कुणाला पत्र लिहीत, ते तर मीच त्याला सांगितलं."

"न्हाई हो, ताई!" ज्ञानबा पायरीवरून ओरडलाच. "बिरोबाची आन..."

"आण घेऊ नकोस रे. देवाला मधे घालू नकोस." त्यांचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. "खरंही असेल. तुम्ही दोघं मला बरं वाटावं म्हणून इतके हेलपाटे घालता, मला काय समजत नाही? पण मला डोळे नाहीत. मला ऐकून विश्वास ठेवायचा असतो, आणि तो एकदा गेला. आता खरं पत्र आलं तरी मला कळायचं नाही. तेवढंच झालंय बघ."

अप्पांनी कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो हातानं मागं सारला.

"घेऊन जा. इथं ठेवला तर मी रोज चाचपत बसेन, आणि रोज मला तेच कोडं पडेल."

वाटेत अप्पा एकदाच बोलले. "कुणाला तरी दाखवून तिची खात्री पटवता येईल. कचेरीतल्या कुणालाही."

"कुनाला बी नेलं तरी माझ्या संगंच आल्यावानी वाटंल तिला," ज्ञानबा म्हणाला. "माझंच तोंड आडवं येतंय."

गोजाबाईनं ते कागद देव्हाऱ्यात ठेवू का म्हणून विचारलं. त्यानं नको म्हणून सांगितलं. अप्पांनी ते आपल्या पेटीत ठेवले. वर्गात ज्ञानबा पुन्हा जाऊ लागला, मोडीचं वळणही गिरवू लागला, पण चाळीतली पत्रं लिहायचं त्यानं सोडलं. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "तू तोंडानं सांगशील ते अक्षरन् अक्षर लिवीन. आपल्या मनाचं येक बी घालनार न्हाई. चालंल का?" माणसं हसायची. पत्रात लिहिणाऱ्यानं आपल्या मनाचे चार शब्द घालायचेच असतात, असं त्यांना वाटायचं, आणि ती दुसऱ्याकडं जायची.

दिवाळीच्या सुमाराला आकूताईंना ताप येऊ लागल्याचं त्याला कळलं. कसब्याच्या तोंडापर्यंत तो दोनदा गेला. पुढं पाय उचलला नाही.

हरिपंत वैरागकरांची मुलगी आकूताई १९३१ सालच्या डिसेंबरात, कार्तिक वद्य अष्टमीला सकाळी, पुतण्याच्या घरी तापानं वारल्या.